सापाची पहिली अंडी घरी उबवताना: आधी पेटी, मग अंडी

मादीने अंडी घातली आणि मग धावपळ सुरू झाली, असं पहिल्या वेळी बहुतेकांचं होतं. रात्रीतून डबा शोधायचा, दिव्याची ऊब द्यायची, अंड्यांवर पाणी शिंपडायचं. आठवड्याभरात अंडी पिवळी पडतात आणि दोष मादीच्या माथी जातो. खरं तर तोपर्यंत अंडी चांगली असतात. त्यांना बिघडवते ती आपली घाई, आणि कोंबडीच्या अंड्यांवरून बांधलेले अंदाज.

हा लेख बिनविषारी, पाळीव आणि पिंजऱ्यातच जन्मलेल्या सापांपुरता आहे. उदाहरणं मुख्यतः कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन यांची घेतली आहेत, कारण पहिली अंडी बहुधा यांचीच असतात. पिल्लं वाढवण्याआधी तुमच्याकडे त्या जातीबद्दल कायदा काय म्हणतो, हे नीट बघून घ्या. मुळात तुमची जात अंडी घालते का, तेही तपासा. बोआ आणि गार्टर स्नेक थेट पिल्लंच देतात, त्यामुळे त्यांच्यासाठी उबपेटी मांडून बसण्यात अर्थ नाही.

१. अंडी येण्याआधी: उबपेटी तयार करून चालवून बघणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

उबपेटी, म्हणजे इन्क्युबेटर, विकत घ्या नाहीतर घरी बनवा. जाड थर्माकोलचा झाकणाचा डबा किंवा जुना बंद पडलेला छोटा फ्रीज, तळाला हीट केबल, ती चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट आणि पाण्याने भरलेल्या दोन-चार बाटल्या एवढ्यावर काम होतं. बाटल्या वगळू नका. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, त्यामुळे झाकण उघडलं तरी पेटीतलं तापमान एकदम कोसळत नाही. पेटी मोठी असेल तर आत कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावा. नाहीतर वरचा कप्पा गरम आणि खालचा थंड राहतो, आणि एकाच वेळी घातलेली अंडी वेगवेगळ्या गतीने वाढतात.

कोंबडीच्या अंड्यांसाठी मिळणारी पेटी वापरायची असेल तर अंडी फिरवणारा ट्रे आधी काढून टाका. त्याचं कारण पुढे येतंच.

तापमान असं ठेवा:

कॉर्न स्नेक, किंग स्नेक आणि त्यांच्या जवळच्या जाती: २७ ते २९ अंश सेल्सिअस.
बॉल पायथन: ३१ ते ३२ अंश सेल्सिअस.

या तापमानाला दोन्हीकडे साधारण ५५ ते ६५ दिवस लागतात. तापमान थोडं कमी राहिलं तर दिवस वाढतात. जास्त झालं तर दिवस कमी होतात, पण त्याबरोबर पाठीचा कणा वाकडा असलेली, अशक्त किंवा अंड्यातच मेलेली पिल्लं मिळायची शक्यता वाढते. म्हणून दोनांत निवडायची वेळ आली तर थोड्या कमी तापमानाच्या बाजूला राहा. तापमानावरून नर-मादी ठरवण्याचे तक्ते तुमच्या पाहण्यात येतील. ते कासवं, मगरी आणि काही पालींसाठी असतात. सापांत लिंग गुणसूत्रांवर ठरतं, त्यामुळे त्या नादात तापमानाशी खेळू नका.

थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, अंड्यांच्या डब्याच्या उंचीवर, हवेत लटकेल असा चिकटवा. केबलला टेकला तर थर्मोस्टॅट लवकर बंद होईल आणि पेटी थंड राहील. प्रोब सुटून पेटीबाहेर पडला तर त्याला खोलीतली थंडी जाणवत राहील, केबल अखंड चालू राहील आणि अंडी शिजतील. म्हणून तो टेपने दोन ठिकाणी पक्का करा.

थर्मोस्टॅटच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. कमाल-किमान नोंद ठेवणारा वेगळा डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या डब्यात असायलाच हवा. दोन्ही उपकरणं खरं बोलतात का, हे घरातल्या तापाच्या डिजिटल थर्मामीटरने पडताळता येतं. पेल्यात ३७ अंशांच्या आसपासचं कोमट पाणी घ्या, तिन्हींची टोकं एकत्र बुडवा, दोन मिनिटं ढवळत राहा आणि आकडे जुळवा. पहिल्या खेपेला मी हे केलं नव्हतं. माझा थर्मामीटर दोन अंश कमी दाखवत होता आणि मी पेटी महिनाभर तेवढी जास्त गरम ठेवली. त्या अंड्यांतली निम्मी पिल्लं बाहेर आली नाहीत. दोन मिनिटांचं काम होतं, म्हणून ते आज पहिल्यांदा सांगतोय.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. उबपेटी फक्त तापवू शकते, गार करू शकत नाही. खोलीच ३३ अंशांवर गेली तर केबल बंद असूनही पेटी तिथवर जाईल. कॉर्न स्नेकच्या अंड्यांना एवढी उष्णता मारक ठरते. पेटी घरातल्या सगळ्यात थंड आणि स्थिर खोलीत ठेवा. खिडकीतलं ऊन, गच्चीखालची भिंत आणि स्वयंपाकघर टाळा.

तपासा: रिकाम्या डब्यासह पेटी सलग सात दिवस चालवा. कमाल आणि किमान यांतला फरक एका अंशाच्या आत राहिला तरच ती तयार आहे असं समजा.

२. अंड्यांचा डबा आणि ओलावा

पेटी ऊब देते, ओलावा धरतो तो आतला डबा. खाद्यपदार्थांचा पारदर्शक, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या आणि कडेला, वरच्या बाजूस दोन-तीन बारीक भोकं पाडा. जास्त भोकं पाडली की ओलावा निघून जातो आणि मग पाणी घालत बसावं लागतं.

डब्यात व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट (बागकामात वापरतात ते हलके खनिज दाणे) यांचा पाचेक सेंटिमीटर जाडीचा थर घाला. बागेतली माती, कोकोपीट, भुसा नको, त्यांत बुरशी लवकर धरते. पाण्याचं प्रमाण वजनाने मोजा. १०० ग्रॅम कोरड्या व्हर्मिक्युलाइटला १०० ग्रॅम पाणी, इथून सुरुवात करा. भांड्याने किंवा अंदाजाने मोजलं तर हमखास चुकतं, कारण व्हर्मिक्युलाइट फार हलका असतो. ढवळून तासभर मुरू द्या आणि मूठ दाबून बघा. दाबल्यावर गोळा व्हायला हवा, पण बोटांच्या फटींतून पाणी निथळता कामा नये. एखादा थेंब जरी पडला तरी थोडा कोरडा माल मिसळा.

ओलं जास्त झालं तर काय बिघडतं? सापाच्या अंड्याचं कवच कातड्यासारखं मऊ असतं. ते पाणी शोषतं, आणि श्वासही त्यातूनच चालतो. सतत ओल्या थराला टेकलेलं अंडं फुगतं, खालच्या बाजूने हवा मिळेनाशी होते आणि पिल्लू आतच गुदमरतं. कोरड्याने अंडं पिचकतं, ते डोळ्यांना दिसतं आणि वेळीच दुरुस्तही करता येतं. जास्त ओलाव्याचं नुकसान मात्र दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

बॉल पायथनची अंडी या बाबतीत जास्त नाजूक. त्यांच्यासाठी ओल्या थरावर प्लास्टिकची जाळी ठेवून तिच्यावर अंडी मांडणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. हवा दमट राहते, पण अंडं ओल्याला टेकत नाही. कॉर्न स्नेकची अंडी थरात अंगठ्याने खळगे करून एक तृतीयांश ते निम्मी रुतवली तरी चालतात.

डबा तयार झाला की झाकण लावून पेटीत ठेवा. अंडी येतील तेव्हा आतलं साहित्य पेटीच्या तापमानाला आलेलं असायला हवं.

३. मादीची शेवटची कात आणि अंडी घालण्याची जागा

अंडी घालण्याआधी मादी एकदा कात टाकते. ती तारीख लिहून ठेवा. कॉर्न स्नेक त्यानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत अंडी घालते, बॉल पायथन साधारण चार आठवड्यांत.

कात पडली त्याच दिवशी तिच्या पिंजऱ्यात अंडी घालायचा डबा ठेवा. ती आत वेटोळं करून मावेल एवढा मोठा, वरून झाकलेला, एकच दार असलेला, आणि आत ओलसर पिळून घेतलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ). हा डबा नसला की मादी सगळ्यात ओलसर जागा शोधते, आणि ती बहुतेकदा पाण्याचं भांडं असते. पाण्यात बुडालेली अंडी काही तासांत मरतात. शेवटच्या दिवसांत मोठं भांडं काढून तिला वेटोळं घालता येणार नाही असं छोटं भांडं ठेवा.

ती अंडी घालत असताना पिंजऱ्याला हात लावू नका. वरचेवर डोकावूही नका. या कामाला काही तास लागतात.

सावधान: काही अंडी घालून मादी थांबली, पोटात अजून गाठी दिसताहेत आणि एक दिवस उलटला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला लगेच फोन करा. बाहेरून दाबून अंडं काढायचा प्रयत्न करू नका. अंडं आत फुटलं तर मादी जाते.

४. अंडी उचलणे

कोंबडी रवणीवर बसली की दिवसातून कितीतरी वेळा अंडी उलटीपालटी करते. ते बघितलेला माणूस सापाची अंडीही फिरवायला जातो. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. पक्ष्याच्या अंड्यात बलक पिळदार धाग्यांनी लटकलेला असतो. सापाच्या अंड्यात तसे धागे नसतात. पहिल्या दिवसातच गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या आतून चिकटतो आणि तिथूनच हवा घेतो. अंडं उलटलं की तो बलकाखाली दाबला जातो. म्हणून जी बाजू वर आहे ती शेवटपर्यंत वरच राहिली पाहिजे.

उचलण्याचा क्रम असा:

हात साबणाने धुवून पुसा. तयार डबा पिंजऱ्याशेजारी आणा.

मादीला बाजूला करा. कॉर्न स्नेक सहसा स्वतःच निघून जाते. बॉल पायथन अंड्यांभोवती घट्ट वेटोळं घालून बसते. तिच्या डोक्यावर हलकं फडकं टाका आणि शेपटीकडून एकेक वेढा सोडवा. ओढाताण केली तर वेढ्यात अडकलेली अंडी घरंगळतात.

अंडी जागची हलवण्याआधी प्रत्येकाच्या माथ्यावर मऊ शिसपेन्सिलीने छोटी फुली करा. मार्कर पेन नको, त्यातलं रसायन कवचातून आत जाऊ शकतं.

फुली वर ठेवून अंडी उचला. एकमेकांना चिकटलेली असतील तर घोस जसाच्या तसा उचला. नुकतीच घातलेली, ओली अंडी सुटी करता येतात, पण तुमची ही पहिली खेप असेल तर करू नका. वाळल्यावर सुटी करायला गेलं की कवच फाटतं. घोसामुळे पिल्लांचं काही अडत नाही.

डब्यात अंडी एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवा आणि डब्यावर तारीख, संख्या लिहा. मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर अख्ख्या डब्याचं वजन करून तेही लिहा. हा आकडा पुढे फार कामाला येतो.

५. कोणतं अंडं जिवंत आहे?

पहिल्या दिवशी यावर निर्णय घेऊ नका. सहसा चांगलं अंडं पांढरं, भरलेलं आणि कोरड्या स्पर्शाचं असतं, तर फलित न झालेलं छोटं, पिवळट आणि मेणासारखं चिकट. पण मधली बरीच अंडी असतात आणि त्यांतली काही तग धरतात.

आठवडा झाला की अंधाऱ्या खोलीत छोटा एलईडी टॉर्च अंड्याच्या बाजूला टेकवा. अंडं उचलायचं नाही. आत गुलाबी उजेड आणि लाल शिरांचं जाळं दिसलं तर गर्भ वाढतो आहे. फक्त पिवळा उजेड दिसला तर बहुधा पोचट. तरीही दोन आठवडे थांबा. पाच सेकंदांपेक्षा जास्त टॉर्च धरू नका आणि रोज तर मुळीच बघू नका.

खराब अंडं सुटं असेल तर काढून टाका. घोसात असेल तर राहू द्या. त्यावर बुरशी येईल, ते खाली बसेल, वास येईल. शेजारचं जिवंत अंडं बहुतेक वेळा त्यातून सुखरूप निघतं. उपटून काढायच्या नादात चांगलं कवच फाटतं, तो धोका मोठा.

६. मधले आठवडे

आता आठवड्यातून एकदा झाकण उघडायचं, झाकणानेच दोन-तीनदा वारा घालायचा, बघायचं आणि बंद करायचं. मिनिटभराचं काम. शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लांना हवा जास्त लागते, तेव्हा आठवड्यातून दोनदा करा. बाकी दिवस पेटी न उघडता बाहेरून आकडे वाचा. अंडी हातात घेऊन बघण्याचा मोह होतो, मला अजून होतो. तेव्हा नोंदवही उघडावी.

दर आठवड्याला डब्याचं वजन करा. जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढं पाणी उडालं. पाच-दहा ग्रॅमकडे लक्ष देऊ नका. त्याहून जास्त घट झाली आणि अंडीही थोडी बसलेली दिसली, तर तेवढंच पाणी पेटीच्या तापमानाचं करून डब्याच्या कडेने सोडा. अंड्यावर थेंब पडू देऊ नका. फवारणी कधीच करू नका.

या काळात घाबरवणाऱ्या गोष्टी आणि त्यांवर काय करायचं:

झाकणाला आतून घाम येतो. भिंतींवर हलकं बाष्प चालेल. झाकणावरून थेंब अंड्यांवर पडत असतील तर झाकण पुसा आणि डब्याखाली एका बाजूला पट्टी ठेवून तो किंचित कलता करा, म्हणजे थेंब कडेने ओघळतील. डबा कलता करताना अंडी घरंगळणार नाहीत ना, ते बघा.

अंड्याला पोचा येतो. पहिल्या महिन्यात सगळ्याच अंड्यांना पोचे आले तर हवा कोरडी आहे, पाणी वाढवा. एकाच अंड्याला आला तर ते अंडंच कमजोर असू शकतं. शेवटच्या दोन आठवड्यांतले पोचे नैसर्गिक असतात. पिल्लू आतलं सगळं वापरत आलेलं असतं. त्या वेळी पाणी ओतणं ही दुसरी नेहमीची चूक.

बुरशी दिसते. जिवंत अंड्यावरचा छोटा ठिपका कोरड्या कापसाच्या बोळ्याने हलकेच टिपून घ्या. बुरशी पुन्हा पुन्हा येत असेल तर ओलावा जास्त आहे, झाकण रोज थोडा वेळ उघडं ठेवा.

वीज जाते. पेटी उघडू नका, वरून जाड रजई घाला. केबलचा किंवा थर्मोस्टॅटचा भाग झाकला जात असेल तर वीज येताच रजई काढा. जास्त वेळ लागणार असेल तर कोमट पाण्याच्या बाटल्या आत ठेवा, पण अंड्यांच्या डब्याला टेकवून नकोत. काही तासांचा गारवा अंडी सोसतात. तेवढाच वेळ पेटी जास्त तापली तर मात्र सोसत नाहीत.

तपासा: पन्नासाव्या दिवसापर्यंत प्रत्येक पिल्लासाठी स्वतंत्र डबा तयार आहे का?

७. अंडं फुटताना

पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाला एक तात्पुरता दात असतो. त्याने ते कवचाला चिरा पाडतं. एका अंड्याला दोन-तीन चिरा दिसतील, त्यांतून चिकट पाणी येईल, मग नाक. झाकण उघडताच ते परत आत जाईल. असं एक-दोन दिवस चालतं आणि तसंच चालू द्यायचं. या वेळात पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि त्याच्या नाळेतल्या रक्तवाहिन्या बंद होत असतात. मदत म्हणून बाहेर ओढलं तर नाळ तुटून रक्तस्राव होतो, किंवा बलक बाहेरच राहतो.

अंडी कापण्याबद्दल लोकांची मतं टोकाची आहेत. माझं मत सांगतो. पहिल्या खेपेला कात्री हातात घेऊ नये. इतर सगळी पिल्लं बाहेर येऊन दोन दिवस झाले, आणि एखादं भरलेलं अंडं तसंच आहे, तरच विचार करा. तेव्हाही फक्त माथ्यावर, बारीक टोकाच्या कात्रीने, शीर टाळून छोटी खिडकी पाडायची आणि अंडं परत डब्यात ठेवायचं. पिल्लू आपणहून बाहेर येईल तेव्हाच येऊ द्या.

८. पहिले पंधरा दिवस

बाहेर आलेलं पिल्लू स्वतंत्र छोट्या डब्यात ठेवा. ओलसर टिश्यू पेपर, उथळ पाणी, लपायला पुठ्ठ्याची नळी, एवढं पुरे. पेन्सिल जाईल एवढी फट असेल तर कॉर्न स्नेकचं पिल्लू तिच्यातून निसटतं. दोन पिल्लं एकत्र ठेवू नका. किंग स्नेकची पिल्लं तर एकमेकांना खातात.

एखाद्याच्या पोटाशी बलकाचा छोटा गोळा लोंबत असेल तर ओढू किंवा कापू नका. स्वच्छ, ओलसर टिश्यूवर एकटं ठेवा. बहुतेक वेळा तो आत जातो किंवा सुकून गळतो.

पहिली कात साधारण सात ते दहा दिवसांत पडते. बॉल पायथनला कधी त्याहून थोडे जास्त दिवस लागतात. तिच्याआधी खायला देऊ नका. पोटात बलक आहे, आणि पिल्लं तोवर सहसा तोंड लावत नाहीत. कात पडल्यावर कॉर्न स्नेकच्या पिल्लाला नुकतं जन्मलेलं, बिनकेसांचं उंदराचं पिल्लू द्या, गोठवलेलं असेल तर पूर्णपणे वितळवून आणि कोमट करून. बॉल पायथनला थोडं मोठं, अंगावर केस आलेलं उंदराचं पिल्लू लागतं. नाकारलं तर पाच दिवस थांबून पुन्हा द्या, मधल्या काळात हाताळू नका. पिल्लांना किंवा डब्यांना हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.

या सगळ्यात मादीला विसरू नका. अंडी काढली त्याच दिवशी तिच्या पिंजऱ्यातलं सगळं अंथरूण बदला. बॉल पायथन असेल तर तिला कोमट पाण्याने हलकेच पुसून घ्या. अंड्यांचा वास राहिला तर ती रिकाम्या जागेभोवती वेटोळं घालून बसते आणि खात नाही. चार-पाच दिवसांनी नेहमीपेक्षा लहान खाद्य द्या, ते नीट पचलं की पुढचं. तिचं वजन अंडी घालण्याच्या काळाआधी होतं तेवढं भरून येईपर्यंत तिला पुन्हा नराजवळ सोडू नका.